फ्रिजच्या दारातला टिकलीचा डबा

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघे एकदमच बोलत होतात. धाकट्याने शाळेसाठी केलेला दरवाजा दाखवला. पुठ्ठ्याचा दरवाजा, त्यावर बोटाएवढा कॅमेरा, आणि ओळखीचा चेहरा समोर आला की दरवाजा आपोआप उघडतो. मी विचारले, "आणि नाही ओळखले तर?" तो म्हणाला, "मग नाही उघडत, आजी. सिंपल." तेवढ्यात थोरलीने त्याला बाजूला ढकलून विचारले, "आजी, अक्का अजून गावाहून आलीच नाही का? मला तिच्याकडून भाकरी शिकायची आहे. फोन ओट्याकडे फिरव ना." मी म्हणाले, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता.

अक्का गावाला गेली आहे, असे मी तुम्हाला अकरा महिने सांगत आले. ते खोटे आहे. अक्का गेली. कशी गेली ते तुम्हाला सांगायला हवे, कारण एक जणी तिची वाट बघते आहे आणि दुसरा दरवाजे बनवतो आहे. तुमच्या बाबाला सगळे माहीत आहे. त्याला विचारूनच हे लिहिते आहे.

एरवी मी तुम्हाला इंग्रजीत लिहिते. हे मराठीत लिहिते, कारण ज्या नियमांबद्दल हे आहे ते मी इंग्रजीत लिहिले होते आणि फार चांगल्या इंग्रजीत लिहिले होते. या एका बाबतीत माझा माझ्या इंग्रजीवर भरवसा उरलेला नाही. तुम्ही देवनागरी एकेक अक्षर लावत वाचता. तसेच वाचा. घाई नाही.

मी नोकरीत काय काम करायचे हे तुम्हाला नीट माहीत नसेल. तुमचे आजोबा सरकारी कारखान्यात यंत्रे बनवायचे आणि मी त्याच कारखान्यात त्या यंत्रांबरोबर जाणाऱ्या पुस्तिका लिहायचे. हे बटण दाबा. दिवा लागला नाही तर सातव्या पायरीवर जा. माझी पुस्तिका वाचून कोणाचे बोट चिरडले नाही, कोणाला शॉक बसला नाही, याचा मला अभिमान होता. प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी मी एक जास्तीचे पान घालायचे. त्यावर एवढेच असायचे: या पुस्तकात नसलेला बिघाड दिसला तर यंत्र बंद करा आणि अमक्या माणसाशी बोला. खाली त्या माणसाचे नाव आणि नंबर. आमचे साहेब दर वेळी ते पान काढायला सांगायचे. "सगळे बिघाड आत आलेत ना? मग हे कशाला?" मी म्हणायचे, जो आपल्याला सुचला नाही त्यासाठी. तीस वर्षे मी ते पान काढू दिले नाही.

आता अक्का.

आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, राजाजीनगरला राहत होतो तेव्हा ती कामाला लागली. निपाणीकडची. नवरा इथे बांधकामावर होता, तो लवकर गेला, एक मुलगा हाताशी. मला कानडी दुकानापुरते येत होते आणि तिला मराठी येते हे कळल्यावर मी तिचा पगार न विचारताच तिला ठेवून घेतले. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "बाई, मी आलो." मी तिला सुधारायला गेले. ती पदराआड हसली. "आमच्याकडं बाया आसंच म्हणत्यात. आलो, गेलो, जेवलो. तुमच्याकडं येगळं आसंल." पुन्हा मी कधी सुधारले नाही.

आजोबांच्या शेवटच्या वर्षात त्यांना उचलायला, कूस बदलायला ती होती. त्या वर्षात "बाई, तुम्ही" चे "अक्का, तू" कधी झाले ते दोघींनाही कळले नाही. मीही तिला अक्काच म्हणायचे. आमच्यात थोरली कोण हे ठरलेच नाही. माझी जन्मतारीख कागदावर होती, तिची कशावरच नव्हती. "दात माजं जास्त पडल्यात, म्हंजे मी थोरली," असे ती म्हणायची, आणि मी म्हणायचे, "मग मला मान देत जा." "थोरलीनं धाकटीला मान द्यायचा आसतोय व्हय?"

आजोबा गेले. राजाजीनगरचे घर मोडले आणि तुमच्या बाबाने जे. पी. नगरचा हा फ्लॅट घेतला. मला वाटले होते, अक्का आता सुटली. इतक्या लांब कोण येणार? पण ती मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर बस बदलून यायची. "बायांना बस फुकट झालीया. सरकारनं माज्यासाठीच केलंय."

खरे कारण बस नव्हते. खरे कारण माझा फ्रिज होता. अक्काला साखर होती, गोळ्यांनी भागेना, म्हणून सरकारी दवाखान्याने इन्सुलिनचे इंजेक्शन सुरू केले होते. रोज सकाळी एक. त्याच्या बाटल्या थंड राहाव्या लागतात, आणि अक्काच्या खोलीवर पत्रा होता. एप्रिलमध्ये त्या पत्र्याखाली माणूस बसू शकत नाही, तर बाटली कशी टिकणार? म्हणून महिन्याच्या बाटल्या माझ्या फ्रिजच्या दारात, कढीपत्त्याशेजारी, एका स्टीलच्या डब्यात. डब्यावर मी तिचे नाव इंग्रजीत लिहून चिकटवले होते. तिने ते वाचता येत नाही म्हणून कपाळाची टिकली काढून त्यावर लावली. "ह्यो माजा डबा. आता चुकायचं न्हाई."

रोज साडेसातला ती यायची. मी सिरिंज भरायचे, कारण तिला बारीक रेघा दिसत नसत. ती दंडावरचा पदर बाजूला करायची आणि दर वेळी म्हणायची, "सावकाश. स्वल्प सावकाश. तू पुस्तकातल्यागत टोचतीस." मग मी फ्रिजवरच्या तक्त्यावर तारखेपुढे खूण करायचे. मग ती भाकऱ्या थापायची, पहिली गरम भाकरी स्वतः खायची, मग मी. सुट्टीच्या दिवशी, काम नसतानाही, ती टोचून घ्यायला दोन बस बदलून यायची. मी म्हणायचे, आज तरी स्वयंपाकाला हात लावू नकोस. "मी तुज्याकडं टोचून घ्यायलाच येतो. भाकरी वरकड."

दिवसभरात मी मराठीत फक्त तिच्याशी बोलायचे. बाकी लिफ्टमध्ये इंग्रजी, वॉचमनशी हिंदी, भाजीवाल्याशी तोडकेमोडके कानडी. आमच्या या उंच इमारतीत मराठीला तोंड होते ते सकाळी साडेसात ते साडेनऊ.

मग आमच्या सोसायटीतून दोन मुलांच्या सायकली चोरीला गेल्या. तळघरातल्या हॉलमध्ये सभा झाली. मी सोसायटीची सेक्रेटरी होते, म्हणजे सभेचे इतिवृत्त लिहिणारी. एचएसआर लेआउट भागातून नुकताच राहायला आलेला एक तरुण इंजिनिअर उभा राहिला आणि त्याने भिंतीवर चित्रे दाखवली. गेटवर एक यंत्र. येणाऱ्या कामवाल्यांचे चेहरे त्यात नोंदवायचे. चेहरा जुळला की हिरवा दिवा. न जुळला तर घरमालकाच्या फोनवर प्रश्न जाणार, आत सोडायचे की नाही. मालकाने बोट टेकवायचे. "आंटी, एकदा हे लागलं की वॉचमनला डोकं चालवायची गरजच नाही," तो म्हणाला.

मला ते फार आवडले. हे मी लपवणार नाही. वॉचमन ज्याला त्याला ओळखीने सोडतात, कोणाला उगाच अडवतात, हा गोंधळ मला कित्येक दिवस खुपत होता.

नियम लिहायचे काम माझ्याकडे आले. मी तीन दिवस टेबलाशी बसले. निवृत्तीनंतर प्रथमच मला पुन्हा नोकरीवर गेल्यासारखे वाटत होते. कामवाली सलग तीस दिवस आली नाही तर तिचे नाव यादीतून आपोआप निघेल, कारण जुनी नावे पडून राहिली की यादीला अर्थ उरत नाही. यादीत नसलेल्या माणसाला आत सोडायचे की नाही, हे फक्त फ्लॅटच्या मालकाच्या नंबरवर विचारले जाईल, कारण भाडेकरू कोणालाही आत घेतात अशी तक्रार होती. पाच मिनिटांत उत्तर आले नाही तर तो नकार समजला जाईल.

आणि शेवटी, सवयीने, मी माझे ते पान लिहिले. अर्धेच होते. यातल्या कशातही न बसणारा माणूस आला तर वॉचमनने इंटरकॉम उचलून त्या घराशी बोलावे.

तरुण इंजिनिअरने वाचले आणि म्हणाला, "आंटी, परफेक्ट. फक्त एका पानात बसवा ना. गेटवर लॅमिनेट करून लावायचं आहे. आणि इंटरकॉम तर आपण बंदच करतोय. सगळं फोनवरच येणार."

मी लाल पेन घेतले आणि तो अर्धा भाग खोडला. मला कोणी भाग पाडले नाही. तीस वर्षे साहेबांपुढे जे पान मी धरून ठेवले होते, ते मी माझ्याच हाताने काढले, कारण कागद एका पानात छान बसत होता.

अक्काचा फोटो काढायला मीच तिला गेटवर नेले. यंत्राने पदर मागे घ्यायला सांगितले. "डोस्कं कशापायी बघतंय ते?" तिने पदर मागे घेतला, डोळे वटारले, आणि हिरवा दिवा लागला तेव्हा रांगेतल्या सगळ्या बायका हसल्या. "वळख पटली बग. माजी सून पन एवढ्या लवकर वळखत न्हाई." यंत्रात तिची नोंद झाली: कुक.

मागच्या वर्षी मार्चमध्ये तिच्या बहिणीचा निरोप आला की अंथरुणाला खिळले आहे, येऊन जा. अक्का आठ दिवसांसाठी निपाणीला निघाली. मी तिला दोन बाटल्या दिल्या, मातीच्या गाडग्यात ओली वाळू घालून त्यात ठेवायला, आणि सिरिंजवर जिथवर औषध ओढायचे तिथे माझ्याकडचे नेलपॉलिश लावून लाल रेघ केली. आठाचे पंधरा झाले, पंधराचे पाच आठवडे. तिचा फोन हौदात पडून बिघडला होता. ती भाच्याच्या फोनवरून बोलायची. शेवटच्या फोनवर म्हणाली, "बहीण गेली गं. दिवस झालं की निघतो. गुरुवारी सकाळी थेट तुज्याकडं. औषिध दोन दिसाचं हाय, गुरुवारचं तुज्याकडंच टोचून घेतो."

"पाय कसा आहे?" मी विचारले. वाटेत ठेच लागून अंगठा फुटला होता, असे आधी तिने सांगितले होते.

"हाय की जागच्या जागी."

दवाखान्याच्या खिडकीवर तिच्या कार्डाचा नंबर सांगून त्या महिन्याच्या बाटल्या मी आधीच आणून ठेवल्या होत्या. डब्यात दोन नव्या बाटल्या, वर टिकली. गुरुवारी सातलाच मी पाणी उकळले, ज्वारीचे पीठ काढले, सिरिंज ताटलीत ठेवली. साडेसात झाले. मला वाटले, बस चुकली असेल. आठ झाले. माझ्या स्वयंपाकघरातून गेट दिसत नाही, मधे दुसरी इमारत येते.

त्या वेळी गेटवर काय चालले होते, ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळले.

ती रात्रभर बसमध्ये बसून आली होती आणि बरोबर साडेसातला यंत्रापुढे उभी राहिली. लाल दिवा. तीस दिवस उलटून गेले होते, तिचे नाव यादीतून निघाले होते; यंत्रात उरली होती फक्त जुनी नोंद, कुक, आणि आमच्या फ्लॅटचा नंबर. तो नियम मी लिहिला होता, पण तो अक्काला लागू होतो हे माझ्या डोक्यातच आले नाही. लिहिताना माझ्यासमोर "कामवाली" हा शब्द होता, आणि माझ्या लेखी अक्का कामवाली नव्हती. यंत्राच्या लेखी होती.

वॉचमन नवा होता, पहिल्या तारखेपासून आलेला, हिंदी बोलणारा. त्याने नियम पाळले. त्याने बटण दाबले आणि आत सोडायचे का, हा प्रश्न मालकाच्या नंबरवर गेला. फ्लॅट तुमच्या बाबाच्या नावावर आहे. मी दोनशे पावलांवर पीठ चाळत होते, आणि अक्काला माझ्या स्वयंपाकघरात येऊ द्यायचे का हे विचारायला तो प्रश्न इंग्लंडला गेला. तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे तीन होते. तुमचा बाबा झोपला होता. त्याचा फोन आवाज बंद करून उशाशी होता. पाच मिनिटे झाली.

वॉचमनने आणखी दोनदा बटण दाबले. तेवढी माणुसकी त्याने दाखवली. मग त्याने तिला सांगितले, "अम्मा, मॅडम ने मना किया है." त्याला वेगळे काही सांगता येण्यासारखे नव्हते. त्याच्या पडद्यावर आमच्या फ्लॅटचा नंबर आणि पुढे नकार, एवढेच लिहिले होते. अक्काला हिंदी फार येत नसे. तेवढे कळले.

ती कट्ट्यावर थोडा वेळ बसली. मग गेली.

सव्वानऊला मी खाली उतरले तेव्हा तो म्हणाला, "एक अम्मा आई थी, पोटली लेके. एंट्री नहीं मिली." मी त्याला इतके ओरडले की आजूबाजूचे लोक थांबले. तो घाबरून लॅमिनेट केलेल्या कागदाकडे बोट दाखवत राहिला. माझाच कागद.

मी वर गेले, डबा घेतला, बर्फाच्या पिशवीत घातला आणि रिक्षा करून तिच्या खोलीवर गेले. पोचायला दीड तास लागला. खोलीला कुलूप होते. तिचा मुलगा गाडी घेऊन बाहेरगावी गेलेला, सून माहेरी. शेजारीण दारात भांडी घासत होती. "अक्का आली का?" मी विचारले. "बंदिल्ला अम्मा," ती म्हणाली. आली नव्हती.

मी तिथे तासभर बसले. मग वाटले, ती परत माझ्याच गेटवर गेली असणार. मी वॉचमनला बजावून आले होते, आता ती आत जाऊन माझ्या दारात बसली असेल. मी शेजारणीला सांगितले, आली तर लगेच माझ्याकडे पाठव. शेजारीण म्हणाली, सरी अम्मा, म्हणजे बरे, आणि डबा इथे ठेवून जा ना. मी वर पत्र्याकडे बघितले. बाराचे ऊन होते. बर्फ वितळत आला होता. मी मनात म्हटले, दोन ते आठ डिग्री. इथे ठेवले तर औषध फुकट जाईल. आणि डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसून परत आले.

अक्का दारात नव्हती. ते औषध माझ्या फ्रिजमध्ये सुखरूप पोचले.

अक्का त्या वेळी सरकारी दवाखान्याच्या रांगेत होती. माझ्या गेटवरून ती थेट तिकडे गेली. खिडकीवरच्या मुलीने कार्डाचा नंबर घालून बघितला आणि सांगितले, या महिन्याचे औषध तुम्ही घेतले आहे. कॉम्प्युटरवर बरोबर होते. मीच सही करून आणले होते. अक्काने काय सांगितले कोण जाणे. माझे औषध माझ्या अक्काकडे आहे आणि ती मला आत घेत नाही, असे ती म्हणाली असेल का? मला वाटते, नसेल म्हणाली. ती माझ्याबद्दल बाहेर कधी वावगे बोलायची नाही.

ती चारला खोलीवर आली आणि आडवी झाली. शेजारीण तेव्हा तिच्या भांड्यांच्या कामावर गेली होती. रात्री परतली तेव्हा दार लोटलेले, आत अंधार. तिने विचार केला, प्रवासाची दमली आहे, सकाळी सांगू. सकाळी हाका मारल्या तर अक्का उठली नाही. शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेले आणि मला निरोप धाडला.

शुक्रवारी मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती बेशुद्ध होती. औषध बहुधा दोन दिवसांचे नव्हतेच. शेवटचा आठवडाभर ती लाल रेघेच्या खालीच थांबत होती, पुरवून पुरवून. अंगठ्याची जखम पायाच्या वरपर्यंत चढली होती. डॉक्टर एक तरुण मुलगी होती. मी तिला विचारले, कालचे एक इंजेक्शन मिळाले असते तर? ती म्हणाली, "आजी, एका दिवसाने असं होत नाही. इन्फेक्शन आधीपासून होतं." ती खरे सांगत होती की माझ्यावर दया करत होती, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मी डब्याचेही विचारले. ती म्हणाली, बाटली एक दिवस बाहेर राहिली असती तरी काही बिघडले नसते.

शनिवारी दुपारी अक्काने डोळे उघडले. मी तिच्या पायाशी स्टुलावर होते. तिने मला ओळखले. मग म्हणाली, "अक्का, तू न्हाई म्हनालीस?"

एवढेच. त्यात राग नव्हता. तिला फक्त माहीत करून घ्यायचे होते.

मी तिला समजावून सांगितले. सगळे, क्रमाने, जसे मी आयुष्यभर लिहीत आले तसे. तीस दिवस, यादी, मालकाचा नंबर, इंग्लंड, तिथली रात्र, पाच मिनिटे. ती ऐकत होती.

"म्हंजे तू न्हाई म्हनाली न्हाईस."

"नाही गं. मला कळलंच नाही तू आलेली."

"मग लेक म्हनाला?"

"तो झोपला होता. त्यानेही नाही म्हटलं."

"त्यो गेटवरचा पोरगा?"

"त्याच्या हातात नव्हतं."

ओठांच्या कोपऱ्यात तिचे ते नेहमीचे हसू आले. "कुनीच न्हाई म्हनालं न्हाई," ती म्हणाली, "आन मी भायेर."

मी तिचा हात धरला. मी म्हणाले, ते नियम मी लिहिले होते अक्का. ती म्हणाली, "तुजं आक्षर चांगलं हाय, तुलाच लिवायला लावत्यात." मग तिने विचारले, गुरुवारी पीठ काढले होते का? मी म्हणाले, काढले होते, पाणीही उकळले होते. "मग सरी," ती म्हणाली आणि डोळे मिटले. त्यानंतर ती बोलली नाही. सोमवारी पहाटे गेली.

मी तुम्हाला का सांगितले नाही? कारण तुम्ही विचारले असते, कोणी केले? मला वाटत होते, तुम्ही लहान आहात, तुम्हाला एक कोणीतरी हवा असेल, आणि असा एक कोणीतरी मी शोधत बसले. महिनाभर तो वॉचमन होता. मग खिडकीवरची मुलगी होती. मग काही दिवस, मला क्षमा करा, तुमचा बाबा होता. मी त्याच्याशी फोनवर नीट बोलत नव्हते. एकदा तो म्हणाला, "आई, सकाळी उठून मी तीन मेसेज बघितले. 'कुक, आत सोडायचे का?' मला वाटलं जाहिरात आहे. पुसून टाकले." तो फोनवरच रडायला लागला. लहानपणी शाळेतून आला की त्याचे बूट अक्का काढायची. यंत्राने तिचे नाव विचारले असते तर तो झोपेतून धावला असता. त्याला "कुक" कळले नाही. ती नोंद माझ्यासमोर झाली होती.

मी सेक्रेटरीपद सोडले नाही. सोडले असते तर सोपे गेले असते. सभेत मी उभी राहिले आणि घडले ते सांगितले. काही जण खाली बघत होते, काही जण फोनमध्ये. तरुण इंजिनिअर म्हणाला, "आंटी, आय ॲम सो सॉरी. तीसचे साठ दिवस करू या." तो वाईट मुलगा नाही. त्याचे डोळे भरले होते. पण त्याला साठ दिवस हे उत्तर वाटत होते, आणि वर्षभरापूर्वी मलाही वाटले असते. मी म्हणाले, दिवस कितीही करा, मला इंटरकॉम परत हवा. मत घेतले. सगळ्या इमारतीसाठी नको असे ठरले. मला सांगितले, तुमच्या एका फ्लॅटला हवा असेल तर जुनी तार आहे, जोडून घ्या.

आणि धाकट्या, तुझा दरवाजा चांगला आहे. मी तुला तो करू नको असे म्हणत नाही. मी स्वतः असे दरवाजे करणाऱ्यांसाठी तीस वर्षे लिहिले. पण तो जेव्हा ओळखणार नाही, तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या माणसाने काय करायचे, ते त्याच्यावर लिही. तिला वाचता येत नसेल हे धरून लिही.

थोरले, भाकरी मला शिकवता येणार नाही. मी रोज एक करते. थापताना कडेला फाटते आणि तव्यावर फुगत नाही. अक्का म्हणायची की मी पाणी मोजून घालते म्हणून असे होते.

काय उरले ते सांगते. फ्रिजच्या दारात डबा आहे. आतल्या बाटल्यांची मुदत संपली, त्या मी दवाखान्यात परत दिल्या. डबा रिकामा आहे आणि टिकली अजून निघालेली नाही. गेटवरच्या कागदाखाली आता अर्धा कागद जास्तीचा लावलेला आहे, कानडी, हिंदी, इंग्रजी आणि मराठीत, माझ्या अक्षरात, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी टेलिफोनचे चित्र. गेटपासून माझ्या स्वयंपाकघरापर्यंत एक तार आहे. रोज सकाळी साडेसातला मी खाली फोन लावून बघते. तार चालू आहे.

तुमची आजी